आटवलेली येळवणी

मी बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांना उत्सर्जन संस्था शिकवताना फळ्यावर नेफ्रॉन काढायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. आधी तो कप, कपात केशिकांचं गुंतवळ, मग वळणावळणाची नळी. पोरं म्हणतात, "मॅडम, तुम्ही तर डोळे झाकून काढता." काढते की. पण आमच्या यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे चित्र काढता येण्याचा घरात शून्य उपयोग असतो.

वर्गात मी हा धडा दिवाळीच्या आवरासावरीवरून सांगते. घर झाडायला काढलं की आपण काय करतो? फडताळातलं, माळ्यावरचं, पलंगाखालचं सगळं अंगणात आणून ठेवतो. मग लागेल तेवढं उचलून परत आत. राहिलेलं भंगारवाल्याला. किडनी रोज, दर घटकेला हेच करते. रक्तातली साखर, मीठ, पाणी, युरिया, आधी सगळंच गाळून नळीत टाकते. मग साखर कणाकणानं परत उचलून घेते, पाणी जवळजवळ सगळं परत घेते, मीठ हवं तेवढंच. डाळ-दूध खाल्लं की त्यातल्या प्रथिनांचा जो कचरा होतो, त्याचा यकृतानं केलेला युरिया, स्नायूंच्या झिजेचं क्रिएटिनिन, हे बाहेरच्या वाटेला लावते. आणि काही वस्ताद पदार्थ असतात, औषधांचे अंश वगैरे, ते गाळणीतून सहज सुटत नाहीत. त्यांना नळीच्या पेशी रक्तातून धरून धरून बाहेर ढकलतात. एवढं सगळं आपण झोपलेलो असतानाही चालू असतं, आणि आपल्याला त्याची वार्तासुद्धा नसते. पोरांना हे आवडतं. मलाही आवडायचं.

यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी जळाल्या की शेतकरी यांच्याकडं आणून टाकतात, हे जुनी तार काढून नवी भरून देतात. माणूस हाताचा पक्का आणि अंगाकडं बघायचा कच्चा. बीपी होतं, गोळी घ्यायचे तर घ्यायचे, न्हाई तर न्हाई. पाय सुजायला लागले तेव्हा म्हणाले, "दिवसभर उभा राहून राह्यलो, सुजणारच की." जालन्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि सांगितलं की दोन्ही आक्रसून गेल्यात, आता डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल. हे डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मोटार जळाली तर मी वायंडिंग नवं भरतो. हिला तसं काही न्हाई का?" डॉक्टर हसले नाहीत. मला तर त्या दोघांचाही राग आला.

नवं भरायचं म्हणजे दुसऱ्याची किडनी. माझी द्यायला मी एका पायावर तयार होते, तर तपासणीत माझी शुगर निघाली. मलाच माहीत नव्हतं! यांचा एकच भाऊ, तो वाटूरला असतो, त्यालाही बीपी. मग मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी नाव लावून ठेवलंय, आणि बसलोय वाट बघत. कोणीतरी जावं म्हणजे आपलं माणूस राहावं, अशी ती वाट. देवापुढं हात जोडले तरी नेमकं काय मागायचं ते कळत नाही.

त्यानंतर आमच्या घरातलं जेवण उलटं झालं. आपण ज्याला ताकदीचं म्हणतो ते सगळं यांच्या वैरावर. डाळ मोजून. दूध मोजून. नारळपाणी बिलकुल नाही. पालेभाजी, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकून द्यायचं आणि मग उरलेला चोथा फोडणीला टाकायचा. कारण पोटॅशियम. धडधाकट माणसाच्या किडन्या जास्तीचं पोटॅशियम चुपचाप बाहेर काढतात. यांच्या रक्तात ते साठतं, आणि साठलं की पहिला घाव हृदयावर. पाणी दिवसाला एक तांब्या. सकाळी मी भरून ठेवायची, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. उन्हाळ्यात हे चूळ भरायचे आणि ती चूळ तोंडात बराच वेळ धरून ठेवायचे. मी तिकडं बघायची नाही.

त्यात आमचा जालना जिल्हा म्हणजे मोसंबीचं आगर. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि घरच्या बागेतली मोसंबी म्हणजे तर प्रेमाची खूण. जो येई तो पिशवी भरून. "रस काढून द्या, मॅडम, दोन दिवसात उठून बसतील." अरे बाबांनो, त्या रसानंच कायमचे आडवे होतील! पण सांगणार कोणाला? यांचा एक मित्र रिपोर्ट वाचून म्हणाला, "युरिया वाढलाय? आपण कपाशीला टाकतो तोच का?" मी म्हणलं, "तोच. फरक एवढाच की कपाशी त्याच्यावर वाढते." माझी जीभ तेव्हा फार सुटली होती. माणूस डोळ्यांदेखत झिजतंय आणि आपण नुसतं पथ्य राखतोय, म्हणल्यावर राग कुठं काढायचा? येणाऱ्या-जाणाऱ्यावरच निघायचा.

सोमवारी आणि गुरुवारी जालन्याला मशीन. गुरुवार ते सोमवार हा पल्ला लांबचा. शनिवार-रविवारी यांचा चेहरा फुगायचा, बोलणं मंद व्हायचं. मी त्या दोन दिवसांत ताटावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची.

अशात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना. आमच्या मराठवाड्यात त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घातले नाहीत तर सासूला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. माझं माहेर तीर्थपुरीचं. वडील नाहीत. माय एकटी असते, सत्तरी ओलांडलेली, गुडघे सोडले तर ठणठणीत. तिचा फोन आला.

"रविवारी या दोघं. धोंडे करते."

"माय, यांना पुरण चालत न्हाई. किती बार सांगू?"

"एक खातील. अर्धा खातील. मी काय गाडाभर वाढून राह्यले का?"

"डाळ आहे ती. गूळ आहे."

"अगं, पण जावई धोंड्याला आला न्हाई म्हणल्यावर लोक काय म्हणतील? आन मागच्या धोंड्याला पण तुमी आल्ता न्हाईत."

मी नाहीच म्हणणार होते. हे बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "जाऊ की. मामींचं मन कशाला मोडायचं? मी अर्धाच खाईन." आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतात. यांची आई हे लहान असतानाच गेली. माझ्या मायवर यांचा जीव. कधी कधी मला वाटायचं, हिची लेक मी आहे की हे?

मग मी मायला फोनवर शिकवणीच लावली. डाळ रात्रभर भिजव. भिजवलेलं पाणी फेक. मोठ्या भांड्यात उकळ, ते पाणी फेक. परत नवं पाणी घालून शिजव, तेही फेक. सगळं वाईट त्या पाण्यात उतरतं. ऐकलंस का? "बराबर," माय म्हणाली. "पाणी काढते." तिकीट काढायच्या आधी परत एकदा विचारलं, तर चिडली. "तुला काय मी पयल्यांदा पुरण घालून राह्यले वाटतं?"

रविवारी आम्ही गेलो. बदनापूरहून जालना, मग अंबडवरून पुढं. माय दारातच उभी. नवं लुगडं नेसलेली. यांना पाहून तिचा चेहरा पडला, कारण हे फार काळवंडले होते, पण लगेच सावरून म्हणाली, "या जावईबापू, जरा वाळल्यावाणी दिसून राह्यले." पाट मांडलेले, भोवती रांगोळी. मी सवयीनं स्वयंपाकघराकडं वळले तर मायनं हात धरून मला मागं ओढलं. "आज तू पाटावर बसायचं. लेक-जावई म्हंजे आज लक्ष्मी-नारायण. चुलीकडं फिरकायचं न्हाई." मी म्हणलं, मला नुसतं बघू दे. "बघायचं न्हाई," ती म्हणाली.

आता काय करणार? बसले. ताट आलं तसं मी यांचं ताट निरखलं. एकच धोंडा, बारका. भात, कुरडई, थोडी वांग्याची भाजी. माझ्या ताटात दोन धोंडे आणि वाटीत येळवणी. पुरणाच्या डाळीचं जे पाणी निघतं, त्याला मसाला, खोबरं लावून करतात ती आमटी; कुणी तिला कटाची आमटी म्हणतात, आमच्याकडं येळवणी. यांच्या ताटात ती वाटी नव्हती, हे मी बघितलं. माझा जीव भांड्यात पडला. पण माझ्या ताटात येळवणी आहे म्हणजे पाणी फेकलेलं नाही, हेही मला कळलं. म्हणलं, असू दे. तिनं यांना वाढली नाही एवढं बस झालं.

जेवण अर्ध्यावर असताना गल्लीतल्या बायका आल्या. माझी ओटी भरायची होती. मी म्हणलं जेवण होऊ द्या, तर एकीला घाई. तिचं नातवंड रडत होतं. मला आतल्या खोलीत देवापुढं नेलं. हळदकुंकू, खण, नारळ, हसणं, चिडवणं. "दोघांचं काही नवंजुनं न्हाई का," वगैरे. मी हसत होते. बाहेर मायचा आवाज येत होता, "घ्या हो, घ्या, लाजायचं न्हाई." मला वाटलं, भात वाढतेय.

परत आले तर यांच्या ताटाशेजारी रिकामी वाटी. मी विचारलं, "हे काय होतं?"

हे म्हणाले, "तूप."

मायनं मान वळवली आणि पदरानं तोंड पुसलं. तिचा चेहरा इतका खुललेला होता की मला पुढं विचारायचं सुचलंच नाही.

दुपारी हे खाटेवर आडवे झाले. निघायची वेळ झाली म्हणून मी हाक मारली, तर म्हणाले, "थांब, पायात मुंग्या आल्या." मग म्हणाले, "उठता येईना." मी आधी हसले. मग बघितलं तर खरंच पाय उचलत नव्हते. ओठ बधिर झालेत म्हणाले. मी मनगट धरलं. नाडी लागेना, लागली ती थांबत थांबत. एक ठोका पडे आणि पुढच्याची वाट बघावी लागे.

मला ते कळलं. त्या घरात कोणालाच कळलं नसतं, पण मला कळलं, आणि त्याचा काय उपयोग? रक्तात नेमकं काय वाढलंय, ते हृदयाच्या स्नायूला काय करतंय, पुढं काय होतं, सगळं मला धड्यासारखं पाठ. आणि माझ्या हातात काय, तर एक मनगट! माय विचारत होती, "काय झालं गं? लिंबू पिळून देऊ का? नारळपाणी आणू का?" मी तिच्यावर ओरडले. "काही देऊ नको! कशालाच हात लावू नको!" ती भिंतीला टेकून उभी राहिली.

शेजारच्याची जीप मिळाली. मायला मी म्हणलं, तू थांब, मशीनची वेळ जवळ आली की असा अशक्तपणा येतो, मशीनवर गेलं की उतरेल. खरं-खोटं तिला कळलं की नाही कोण जाणे. जीपमध्ये यांचं डोकं माझ्या मांडीवर. मी सारखी बोलवत होते, कारण बोलत होते तोवर जिवंत होते.

"काय खाल्लं खरं सांगा."

"येळवणी."

"किती?"

"मामी वाढत गेल्या."

अंबड आलं, गेलं. रस्त्यात एका ठिकाणी बैलगाड्या आडव्या आल्या, तर ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी देवाचं फार करणारी बाई नाही. पण त्या रस्त्यात जे जे देऊळ लागलं त्याला मी हात जोडले. एक दर्गा लागला, त्यालाही जोडले. यांचे डोळे मिटायला लागले की मी गालावर चापट मारायची. नवऱ्यावर आयुष्यात कधी हात उचलला नव्हता, त्या दिवशी सगळा हिशेब फिटला.

दवाखान्यात छातीला वायरी लावून पट्टी काढली. डॉक्टरांनी ती बघितली आणि न बोलता धावायलाच लागले. एक इंजेक्शन हृदयासाठी, दुसरं ते पोटॅशियम रक्तातून तात्पुरतं पेशींमध्ये ढकलायचं, आणि लगेच मशीन. हातात सुया घातल्या, यांचं रक्त नळ्यांतून फिरायला लागलं. मला बाहेर बसवलं. काचेतून ते मशीन दिसत होतं. घरातल्या कपाटाएवढं धूड, आणि ते जे काम करत होतं ते माझ्या पोटात या घडीला मुठीएवढे दोन गोळे फुकट करत होते. मला माझ्याच अंगाची चीड आली.

डॉक्टर बाहेर आले. "नारळपाणी दिलं होतं का? केळी?"

"येळवणी प्यायले."

ते आपल्या भागातलेच असावेत. कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "धोंड्याला गेला होतात होय." मग म्हणाले, वाचतील, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायचा फोन. मी सांगितलं, आता बरे आहेत. तर ती सुटकेचा श्वास टाकून बोलायलाच लागली. "मी म्हणलंच, अशक्तपणाच आसंल. अगं, पोटात काही जातच न्हाई तर दुसरं काय व्हणार? पण काल बघ, चांगले जेवले. मी तुझ्या सांगण्यापरमाणं डाळीचं सगळं पाणी काढलं, तीन बार. पुरण येकदम हलकं. आन ते पाणी फेकायचं कसं गं, समदा डाळीचा अर्क त्यात! तर तू म्हणती, यांना पाणी मोजून. म्हणून मी काय केलं, समद्या पाण्याची येळवणी केली आन आटवली. सकाळपासून चुलीवर आटवली. पातेलंभर होती, तांब्याभर राह्यली. पाणी कमी, कस जास्त. त्यांना लई आवडली."

पाणी फेक म्हणलं होतं, आणि पाणी कमी प्यायचं म्हणलं होतं. तिनं दोन्ही पथ्यं पाळली! आमच्या बायकांना अन्न फेकता येत नाही. डाळीचं पाणी फेकायचं म्हणजे पोटच्या पोराला उंबऱ्याबाहेर काढल्यासारखं. तिनं सकाळपासून चुलीपुढं बसून, डोळ्यांत धूर घेऊन, जावयासाठी तीन पाण्यांतलं सगळं विष एका तांब्यात गोळा केलं होतं. आणि मी शिकलेली लेक चुलीपासून चार हातांवर पाटावर बसून होते.

हे शुद्धीत नीट आले तेव्हा मी भांडलेच. "तुम्हाला कळलं न्हाई ते काय आहे?"

"कळलं. पहिल्याच घोटाला."

"मग थुंकायची! तूप म्हणून सांगता मला?"

हे म्हणाले, "अगं, चव होती त्याला. किती दिवसांनी कशाला तरी चव लागली. आणि मामी समोर बसून बघत होत्या." मग माझा हात धरला. "त्यांना सांगू नको. शपथ आहे. म्हातारी जीव टाकेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सांगावं तर मायला आयुष्यभराचा घोर. न सांगावं तर ती परत करणार. आणि केलीच. महिना सरला तरी जालन्याला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर कडीचा डबा यायला लागला. झाकण कापडानं बांधलेलं. आत घट्ट, काळपट, खमंग येळवणी. मी म्हणलं, माय, कशाला त्रास घेतेस? "त्रास कशाचा? त्यांना चव लागली, एवढं माझं नशीब."

पहिल्या वेळी डबा घेऊन मोरीपाशी कितीतरी वेळ उभी होते. मग ओतली. खोबऱ्याचा, तिळाचा वास घरभर सुटला. हे खोलीत खाटेवर होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. मी पाणी टाकून मोरी धुतली आणि मायला फोन लावला. "संपवली म्हणून सांग," हे आतून म्हणाले. मी सांगितलं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. असं किती वेळा केलं ते सांगत नाही. आईच्या हातचं मोरीत ओतायचं आणि गोड बोलायचं. या हातांना तीही सवय झाली.

मग एक दिवस ती स्वतःच आली. न सांगता, एसटीनं, गुडघे धरत, डबा घेऊन. "म्हणलं समोर बसून वाढावं." मी शाळेतून नुकतीच आले होते. तोंड धुऊन बाहेर येईस्तोवर तिनं गॅस पेटवून येळवणी गरम केली होती आणि वाटी भरून यांच्या खाटेपाशी बसली होती. शनिवार होता, मशीनला अजून दोन दिवस होते. हे माझ्याकडं बघेनात. आणि यांनी हात पुढं केला.

मी धावले. वाटी यांच्या हातातून हिसकली, निम्मी अंथरुणावर सांडली.

"माय, हिनंच मरत होते ते! धोंड्याला हिनंच मरत होते!"

हे ओरडले, "गप बस!" पण आता गप्प बसून काय होणार होतं? मी सगळं सांगितलं. पाण्यात काय उतरतं, आटवल्यानं काय झालं, नाडी कशी थांबत होती, मी डबे कुठं ओतले. मला रडू येत होतं आणि तरी मी वर्गात सांगते तसं मुद्देसूद सांगत होते. मलाच माझी लाज वाटली.

माय रडली नाही. डबा पुढं ओढला, उरलेली येळवणी वाटीत ओतून घेतली आणि पिऊन टाकली. परत ओतली, परत प्याली. डबा रिकामा होईपर्यंत. मग पदरानं तोंड पुसून तिनं मला विचारलं,

"मी पेले. मला आता काय व्हईल?"

"तुला काही नाही होणार, माय."

"का न्हाई? येकाच हातची, येकाच चुलीवरची हाये."

"तुझ्या किडन्या चांगल्या आहेत. त्या बाहेर काढतात सगळं."

तिनं यांच्या अंथरुणावरचा डाग बोटानं पुसला. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "मंग माझी घ्या की काढून. जल्दी सांग, कोण्या दवाखान्यात यायचं. मला आता कशाला पायजेत दोन-दोन?"

"न्हाई घेत, माय. मी आधीच विचारलंय."

"का?"

"तुझं वय झालं. या वयातल्या घेत न्हाईत."

"आत्ताच तर म्हणलीस," ती म्हणाली, "चांगल्या हायेत म्हणून."